लाल दिवा घरी कसा वापरावा: सुजेला लावायचा, जंतूला नाही

२०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनिया पसरला तेव्हा आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत क्वचितच एखादं घर सुटलं. मला ताप तीन दिवस होता. ताप गेला, सांधे मात्र धरलेलेच राहिले. सकाळी मनगटं आणि बोटं अशी आखडलेली असत की गॅसचा लायटर दाबायला दोन्ही हात लागायचे. कणीक मळायचं काम यांच्याकडे गेलं आणि महिनाभर आम्ही पोळीच्या नावाखाली पानगे खाल्ले. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो एक खोकं घेऊनच. आत लाल दिव्यांचं पॅनल, वहीच्या पानाएवढं, पुढे साठ एलईडी, मागे छोटा पंखा.

"आई, रोज दहा मिनिटं बस याच्यासमोर," एवढं सांगून तो परत गेला.

दहाच मिनिटं का? किती अंतरावर? खोक्यातल्या कागदावर सांधेदुखीपासून केस गळण्यापर्यंत तेवीस आजारांची यादी होती आणि वेळ सगळ्यांना एकच. मी एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं सहायक होते. सोडियमचे दिवे, ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग सुटे करणारी बारीक रेघांची काच), स्पेक्ट्रोमीटर रोज हाताखालून गेलेले. तेवीस आजारांना एकच औषध दिसलं की आम्ही लॅबवाले आधी उपकरण तपासायला घेतो. तसंच केलं. त्यानंतरच्या वर्षभरात एकदा बरं यश आलं, एकदा सपशेल तोंडावर आपटले. दोन्ही सांगते.

लाल दिवा म्हणजे नेमका कोणता

आपल्याकडे लाल दिवा म्हटलं की तीन वस्तूंची गल्लत होते. पहिला शेकायचा बल्ब, लाल काचेचा, दीडशे किंवा अडीचशे वॅटचा. तो उष्णता देतो, कंबर शेकायला चांगला, जवळ धरला तर चटका बसतो. दुसरा झिरोचा लाल बल्ब. तो देवघरात शोभतो, औषध म्हणून त्याचा उपयोग शून्य. तिसरा हा एलईडीचा. यात साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश असतो आणि बहुतेक पॅनलमध्ये सोबत ८१० ते ८५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, अवरक्त प्रकाश. याचं काम शेकण्याचं नाही. कातडी कोमटसुद्धा झाली नाही तरी तो काम करतो असं मानलं जातं.

कसं, तर पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते हा प्रकाश शोषतं, अडकलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि पेशीचं काम पुन्हा नीट चालू होतं, असं सर्वांत जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे. सूज वाढवणारे रासायनिक निरोप त्यामुळे कमी होतात. लाल प्रकाश कातडीत काही मिलिमीटर जातो, अवरक्त त्याहून खोल जातो, पण जाता जाता पुष्कळ विरतो. रात्री मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरून बघा. बोट लाल दिसतं, कारण बाकीचे रंग रक्तानेच गिळले आणि लाल तेवढा पलीकडे पोचला. माझ्या दोन्ही नातवंडांना ऊतीत लाल प्रकाशच का लागतो हे मी याच खेळातून समजावलं.

हा शोध चुकून लागला. १९६७ मध्ये बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर रुबी लेझर मारला. कॅन्सर होतो का ते बघायचं होतं. कॅन्सर झाला नाही, उलट लेझर मारलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. पुढे त्यांनीच बऱ्या न होणाऱ्या जखमांवर तो वापरून पाहिला.

पण प्रकाशाने जंतू मारण्याची गोष्ट निराळी आहे आणि तिचा रंगही निराळा. डेन्मार्कच्या नील्स फिनसेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं ते त्वचेचा क्षय प्रकाशाने बरा केल्याबद्दल. तो प्रकाश निळ्या-जांभळ्या आणि अतिनील टोकाचा होता. आजही मुरुमांच्या दिव्यात जंतूंवर काम करतो तो निळा भाग, लाल भाग फक्त लाली आणि सूज उतरवायला. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की निम्म्या चुका टळतात. माझ्या बसला नव्हता, ते पुढे येईलच.

आधी दिव्याची परीक्षा

माझ्या जाऊबाईंनी माझं बघून बर्डीवरच्या एका दुकानातून स्वस्तातला दिवा आणला. खोक्यावर ६६० आणि ८५० दोन्ही लिहिलेलं. मी घरी दोन साध्या चाचण्या घेतल्या, त्या तुम्हालाही जमतील.

पहिली जुन्या सीडीची. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे ती फुकटातली ग्रेटिंगच. खोलीत अंधार करा, दिवा दूर ठेवा, त्याच्याकडे थेट बघू नका आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब तिरकं पकडा. खऱ्या लाल एलईडीचा एकच गडद लाल पट्टा दिसतो. लाल रंग फासलेला साधा बल्ब असेल तर केशरी-पिवळ्याकडे पसरलेली झालर दिसते. दुसरी चाचणी मोबाइलच्या कॅमेऱ्याची. ८५० चे एलईडी डोळ्यांना मिणमिणते किंवा बंदच वाटतात, पण बऱ्याच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात ते पांढरट जांभळे चमकताना दिसतात. आपला कॅमेरा अवरक्त बघतो की नाही हे आधी टीव्हीच्या रिमोटवर ताडून घ्या.

जाऊबाईंच्या दिव्यात लाल रांगा ठीक होत्या. बाकीच्या रांगा कॅमेऱ्यातही काळ्याच. दुकानदार म्हणाला, "ताई, ते अवरक्त आहे, दिसणारच नाही." मी त्याच्याच काउंटरवरचा रिमोट उचलला आणि मोबाइलमध्ये त्याला तो चमकताना दाखवला. पैसे परत मिळाले नाहीत. दिवा बदलून मिळाला.

गुणाकार, जो खोक्यावर नसतो

औषधाची गोळी मिलिग्रॅममध्ये असते, तशी प्रकाशाची मात्रा ज्यूलमध्ये असते, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल अशी. हिशेब पाचवीतला आहे. दिव्याची तीव्रता मिलीवॅटमध्ये, तीही दर चौरस सेंटिमीटरला, तिला सेकंदांनी गुणा, हजाराने भागा.

माझ्या खोक्यावर लिहिलं होतं: १५ सेंटिमीटरवर १०० मिलीवॅट. मी सरळ निम्मे धरते, ५०. संशयी स्वभाव म्हणा हवं तर, पण कारण आहे. हे आकडे बऱ्याचदा सौर ऊर्जा मोजायच्या स्वस्त मीटरने घेतलेले असतात. तो मीटर सूर्यप्रकाशासाठी जुळवलेला असतो आणि लाल-अवरक्त पट्ट्यात फुगवून आकडा दाखवतो. तर ५० गुणिले १२० सेकंद, भागिले हजार, म्हणजे ६ ज्यूल. दोन मिनिटांत सहा.

वरवरच्या कातडीच्या त्रासाला मी ४ ते ६ ज्यूल घेते. सांध्याला, जिथे प्रकाश खोल जायला हवा, १० ते १२. माझ्या दिव्यावर म्हणजे चार मिनिटं. मुलगा म्हणाला होता तशी दहा मिनिटं बसले असते तर ३० झाले असते. त्याने भाजत वगैरे नाही, पण या प्रकाशाची गंमत अशी की थोडा दिला तर पेशी जागी होते, फार दिला तर तोच परिणाम ओसरतो, कधी उलटाही होतो. डाळीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही. तोच न्याय इथे.

आपल्या सावळ्या कातडीबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मेलॅनिन लाल प्रकाश जास्त शोषतं. २०२० मध्ये छापून आलेल्या चाचण्यांत लाल एलईडीची कातडीला सोसेल अशी कमाल मात्रा गोऱ्यांना ४८० ज्यूल आणि गडद वर्णाच्या लोकांना ३२० ज्यूल निघाली. घरच्या ६ ज्यूलच्या मानाने दोन्ही आकडे डोंगराएवढे आहेत, घाबरायचं कारण नाही. तरी पहिला आठवडा निम्म्या वेळेने सुरू करा. अवरक्त प्रकाश मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, त्यामुळे सांध्यांसाठी ते बटण चालू असलेलं बरं.

एक बैठक

मी पहाटे साडेपाचला करते. हात साबणाने धुऊन कोरडे. हातावर तेल, बाम, हळदीचा लेप काही नाही, बांगड्या काढलेल्या. बाम लावायचाच असेल तर नंतर. दिवा स्वयंपाकघराच्या टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा, समोर शाळेची पट्टी ठेवून १५ सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण. मनगट त्या खुणेवर. अंदाजाने हात धरला तर कधी दहावर जातो कधी पंचवीसवर, आणि मग गुणाकाराला काही अर्थ राहत नाही. सोबत मिळालेला काळा चश्मा डोळ्यांवर, कारण अवरक्त दिसत नाही म्हणून डोळा मिटत नाही आणि त्यातच धोका आहे. मोबाइलवर चार मिनिटांचा गजर. वरची बाजू चार मिनिटं, मग तळहाताची बाजू चार. आठवड्यातून पाच दिवस.

नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दिव्याचा पंखासुद्धा गरम हवाच फेकतो आणि एलईडी तापले की प्रकाश घटतो. घामेजलेल्या अंगावर दिवा लावून घामोळ्या चिघळलेल्याही मी पाहिल्या आहेत. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच. आणि कूलरच्या झोतात दिवा कधीही ठेवू नका. वाळ्याच्या टाट्यांमधून उडणारे तुषार आपल्याला जाणवत नाहीत, पण दिव्याच्या मागच्या जाळीतून ते आतल्या सर्किटवर जाऊन बसतात. ओले हात, ओली फरशी आणि दोन पिनांचं स्वस्त अडॅप्टर हा मेळ मला तरी नको.

आता गुण आला का? तापानंतरचे सांधे बऱ्याच जणांचे आपोआपच सुधारतात, मग श्रेय दिव्याचं कशावरून? म्हणून मी तीन आठवडे फक्त डाव्या हाताला प्रकाश दिला आणि उजवा तसाच ठेवला. पकड मोजायला घरातलं जुनं काट्याचं बीपी मशीन काढलं. त्याच्या पट्ट्याची गुंडाळी करायची, २० पर्यंत हवा भरायची आणि मुठीत दाबून काटा कुठवर जातो ते वहीत लिहायचं. सुरुवातीला डावा ९०, उजवा ९६. तीन आठवड्यांनी डावा १२८, उजवा ११८. सकाळचा आखडलेपणा डाव्या हाताचा चाळीस मिनिटांवरून पंधरावर आला, उजव्याचा पंचवीसवर.

म्हणजे दोन्ही सुधारले, डावा जरा जास्त. त्यात उजव्या हाताला काम जास्त पडतं हेही आलंच. एका बाईच्या दोन हातांवरून सिद्ध काही होत नाही, कॉलेजात विद्यार्थ्याने असा निष्कर्ष लिहिला असता तर आमच्या सरांनी जर्नल परत केलं असतं. पण मला तेवढं पुरलं. कणीक माझ्याकडे परत आली. मोठ्या अभ्यासांचं म्हणाल तर २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मानदुखीवरच्या १६ चाचण्यांचा, ८२० रुग्णांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात दुखणं कमी झाल्याचं दिसलं. तिथे वापरला होता तो दवाखान्यातला लेझर, घरगुती पॅनल नव्हे, हे मात्र विक्रेते गाळतात.

जिथे मी चुकले

मनगटाला गुण आला आणि माझा तोरा वाढला. फेब्रुवारीत हे कटिंग करून आले आणि दोन दिवसांत मानेवर मागच्या बाजूला केसतूड उठलं. यांना बारा वर्षांपासून शुगर. मी म्हटलं, कशाला गोळ्या, दिवा आहे ना. रोज दोन वेळा, सहा ज्यूल, पट्टी लावून मोजून. शास्त्रशुद्ध मूर्खपणा.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, ठणका कमी वाटतो. मी खूश. दुखणं घटलं होतं, पण लाली दोन बोटं पुढे सरकली होती, आणि ती मला दिसत असून दिसली नाही. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मानेवरचा भाग दगडासारखा कडक आणि त्याला चाळणीसारखी चार-पाच तोंडं. काळपुळी. साखर ३१२. त्याच दुपारी धंतोलीत सर्जनकडे नेलं, त्यांनी ती उघडून साफ केली, इंजेक्शनं, इन्सुलिन, तीन आठवडे ड्रेसिंग.

मी दिव्याचं कबूल केलं. सर्जन हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "काकू, दिव्याने बिघडवलं नाही. पाच दिवस मात्र खाल्ले."

घरच्या मात्रेत नुसता लाल प्रकाश जंतू मारत नाही. तो सूज आणि दुखणं कमी करतो, आणि आत जंतू वाढत असतील तर दुखणं कमी होणं हीच फसवणूक ठरते. तेव्हापासून दिवा लावण्याआधी मी एक काम करते. लाली असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारते आणि वेळ लिहिते. सहा-आठ तासांत लाली रेघेबाहेर गेली, जागा गरम लागली, ताप आला, पू दिसला, किंवा रेघेपासून वर अंगाकडे लाल रेषा निघाली, तर दिवा कपाटात आणि आपण डॉक्टरकडे. माणूस शुगरचा असेल तर रेघेचीही वाट बघू नका.

नेहमीचे त्रास, एकेक करून

*नायटा.* शेजारची पोर आली, कमरेवर चट्टा घेऊन. "काकू, तुमचं ते लाल लाईट माह्या नायट्यावर मारून द्या ना." मी विचारलं, आत्तापर्यंत काय लावलंस? पर्समधून मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब निघाली, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड तिन्ही एकत्र असलेली. खाज थांबते, नायटा आतून पसरतो. आपल्याकडे नायटा हट्टी होत चाललाय त्यात या ट्यूबांचा मोठा वाटा आहे. बुरशीवर दिवा चालत नाही. तिला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं, गोळ्या आठ आठवडे चालल्या, घरातल्या सगळ्यांचे टॉवेल वेगळे केले तेव्हा गेला. नखांच्या बुरशीचंही हेच. दवाखान्यात नखांवर मारतात तो लेझर वेगळ्याच जातीचा.

*ओठावरचे हर्पिसचे फोड.* इथे दिव्याला थोडी जागा आहे. १९९९ मध्ये वारंवार हर्पिस उठणाऱ्या लोकांवर, दोन उठावांच्या मधल्या शांत काळात, ६९० नॅनोमीटरचा लेझर रोज दोन आठवडे दिला तर पुढचा उठाव बराच लांबला, असं आढळलं. घरी मी सांगते ते असं: ओठ चुरचुरायला लागला की त्याच तासाला, डोळे झाकून, दोन मिनिटं. फोड आले की मुख्य काम अॅसायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाचं, तेही पहिल्या दिवसांत. दिवा ओठाला टेकवू नका, आणि वापरून झाला की पुसा, नाहीतर घरभर वाटाल.

*तोंड येणं.* माझ्या मते या दिव्याचा सर्वांत भक्कम उपयोग हाच, पण घरचा नव्हे, दवाखान्यातला. केमोथेरपी आणि रेडिएशनमध्ये तोंडभर जे व्रण होतात ते टाळायला हा प्रकाश देण्याची शिफारस कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. ब्रिटनमध्ये उपचार पारखणाऱ्या नाइस या संस्थेनेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. घरात कुणाचे हे उपचार चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, आपल्या मनाने पॅनल मात्र लावू नका, गाठीच्या जागी तर मुळीच नाही. साध्या उष्णतेच्या तोंड येण्याला ओठ बाहेर वळवून दीड-दोन मिनिटं दिली तर ठणका कमी होतो असा माझा अनुभव. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या तोंडातला, म्हणजे थेट तपासणी. नागपुरात हे वेगळं सांगायला नको.

*नखुरडं.* नुसतं दुखरं आणि लाल असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात बोट बुडवणं दिव्याहून सरस. पू धरला की तो काढावा लागतो.

*दाढ.* गालाबाहेरून दिवा लावून दाढेचं गळू जात नाही. दंतवैद्य.

*रांजणवाडी.* कोमट फडक्याने शेका. डोळ्यासमोर दिवा धरायचा नाही, विषय संपला.

*सायनस.* सर्दीनंतर गाल जड वाटतात त्याला काही जण गालावर अवरक्त देतात. चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत, मला स्वतःला वाफेने जास्त बरं वाटतं. पण २०२१ चा उन्हाळा ज्यांनी नागपुरात काढला ते काळी बुरशी विसरलेले नाहीत. शुगरच्या माणसाला चेहऱ्याची एकच बाजू दुखतेय, सुजतेय, नाकातून काळपट येतंय, एकाचे दोन दिसताहेत, असं काही झालं तर दिवा, वाफ, काढा सगळं सोडून रिक्षा बोलवा.

*टाच, टेनिस एल्बो, गुडघा.* हा दिव्याचा खरा मुलूख. जंतूंचा संबंध नाही, सूज आणि ताण. चार मिनिटं, दोन बाजूंनी, सहा आठवडे, सोबत व्यायाम. व्यायाम सोडून नुसता दिवा घेतलेल्या एकाही माणसाची टाच बरी झालेली मी पाहिलेली नाही. यांची टाच पायरीवर पोटरी ताणल्यानेच सुटली, दिव्याने ती पहिली दोन-तीन पावलं सुसह्य केली एवढंच.

मध्येच एक नवं खूळ आलंय, मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग पिऊन लाल दिव्यासमोर बसायचं. मूळ गोष्ट खोटी नाही. रंग आणि लाल प्रकाश एकत्र आले की ऑक्सिजनचं असं रूप तयार होतं जे जंतू मारतं, आणि काही दंतवैद्य हिरड्यांच्या खाचांत ते मोजून वापरतात. तिथे मारेकरी तो रंग असतो, प्रकाश नुसता चाप ओढतो. आमच्या शेजारच्या बायोलॉजी लॅबमध्ये मिथिलीन ब्लू गालाच्या पेशी रंगवायला असायचा, बाटलीवर ठळक लिहिलेलं असायचं की पोटात घ्यायचा नाही. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत तो जीवघेणा ठरू शकतो, आणि जी-सिक्स-पी-डी हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडतो. व्हिडिओ बघून कुणी घेऊ नका.

कुणी आधी विचारावं

गरोदर बाईने पोटावर लावू नये. थायरॉइडचा त्रास असेल तर गळ्यावर नको. ल्युपस असलेल्यांनी, आणि उन्हाने अंगावर चट्टे उठवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन, डॉक्टरांना विचारूनच. फिट येणाऱ्यांनी लुकलुकणारा मोड वापरू नये. शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांनी पायावर लावायचाच तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी हात शेजारी ठेवून, कारण दिवा तापलाय हे त्यांच्या पायाला कळणार नाही. आणि तळव्यावर जखम असेल तर दिवा नकोच, जखमेचा दवाखाना गाठायचा.

सहा आठवड्यांत वहीतला आकडा हलला नाही तर बंद करा. पैसे गेले म्हणून वर्षभर बसून राहण्यात अर्थ नाही.

आमच्या गल्लीत आता हा दिवा फिरतो. कुणी मागायला आलं की मी दारातच चार गोष्टी विचारते: ताप आहे का, पू आहे का, शुगर किती, लाली किती दिवसांची. परवा समोरचे भाऊ गुडघ्यासाठी मागायला आले. पँट वर केली तर गुडघा ठीक, पण नडगीवर तळहाताएवढी लाल, गरम, चकचकीत जागा. मी दिव्याऐवजी पेन आणलं, कडेने रेघ मारली, साडेदहा असं लिहिलं. दुपारी दोनला त्यांच्या बायकोचा फोन आला, रेघेच्या बाहेर गेलीय म्हणून. संध्याकाळपर्यंत ते अॅडमिट होते. गुडघ्यासाठी दिवा त्यांनी पंधरा दिवसांनी नेला, अजून आणून दिलेला नाही. सोबत माझी पट्टीसुद्धा गेलीय.